आडवी येणारी बॅट सरळ कशी करावी?

टेनिस बॉलवर खेळून तयार झालेला मुलगा पहिल्यांदा सीझन बॉलच्या नेटमध्ये उतरला की एक दोष हमखास दिसतो. त्याची बॅट बाहेरून येते आणि चेंडूची रेषा कापत मिडविकेटकडे जाते. टेनिस बॉलवर हे खपून जाते. तो उंच उसळतो, लेगला ओढला की चौकार मिळतो. सीझन बॉल मात्र जरासा आत वळला तरी बॅट-पॅडच्या फटीतून यष्टींवर जातो.

या दोषाची परीक्षा घेणारा गोलंदाज आणि त्याला उत्तर देणारा फलंदाज, दोघेही अहिल्यानगर जिल्ह्यात जन्मले. श्रीरामपूरच्या झहीर खानने 92 कसोटींत 311 बळी घेतले. उजव्या फलंदाजापासून दूर जातोय असा भासणारा त्याचा चेंडू ऐनवेळी आत यायचा आणि रेषेबाहेरून बॅट आणणारा सापडायचा. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला, डोंबिवलीत मॅटिंगवर घडलेला अजिंक्य रहाणे 2014 साली लॉर्ड्सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर खेळत असताना भारताची अवस्था 7 बाद 145 अशी झाली होती. त्याने 103 धावा काढल्या आणि भारताने ती कसोटी जिंकली. त्या खेळीतले समोरचे फटके नवख्यांनी पुन्हा पुन्हा पाहावेत.

सरळ बॅटचा फायदा साध्या हिशोबाने कळतो. बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर असते. ती सेकंदाला 10 मीटर वेगाने आडवी जात असेल, तर एका सेकंदाच्या शंभराव्या भागात 10 सेंटिमीटर सरकते. म्हणजे एवढीशी वेळ चुकली तरी जवळजवळ अख्खी बॅट चेंडूच्या वाटेतून निघून जाते. बॅट चेंडूच्या रेषेतच फिरत असेल तर तीच चूक झाल्यावर फटका थोडा लवकर किंवा उशिरा लागतो, पण लागतो.

मग बॅट आडवी येते कशामुळे? पुष्कळदा सारा दोष बॅकलिफ्टवर टाकला जातो, आणि ते घाईचे निदान आहे. डॉन ब्रॅडमनची बॅट वर जाताना स्लिपकडे जायची, खाली मात्र चेंडूवर नेमकी यायची. तेव्हा पाहायचे ते बॅट खाली कशी येते हे. तिथे बहुधा खालचा हात गुन्हेगार असतो. तो जोर लावतो, मागचा खांदा पुढे फिरतो आणि बॅट बाहेरून आत येते. गोल्फमधल्या नवख्यांचेही हेच होते: वरून खाली येताना खांदा आधी फिरतो, क्लब बाहेरून आत येतो, आणि क्लबचे तोंड उघडे राहिले की उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळत जातो.

खालच्या हाताला हा अधिकार कित्येकदा घरचेच देतात. पुढेही चालेल म्हणून मोठ्या मापाची बॅट घेतली जाते. वरच्या हाताला ती पेलत नाही, म्हणून खालचा हात कारभार हाती घेतो. मुलाला ताठ हाताने वरच्या एकट्या हातात बॅट धरता येत नसेल, तर ती त्याच्यासाठी जड आहे.

दुरुस्ती पकडीपासून सुरू व्हावी. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधले कोन एका रेषेत हवेत आणि खालच्या हाताने अंगठा व दोन बोटांनीच हलके धरावे. मग हलक्या बॅटने, फक्त वरच्या हाताने, जवळून सोडलेले चेंडू समोर ढकलावेत. पुढचा पाय चेंडूच्या रेषेत न टाकता तिच्या शेजारी पडला पाहिजे. पाय आडवा गेला तर बॅटला त्याला वळसा घालून यावे लागते, मग हात कितीही सुधारले तरी उपयोग नाही.

नेट नसले तरी मोज्यात घातलेला चेंडू दोरीने टांगून सराव होतो. बॅट सरळ आली तर चेंडू समोर जाऊन त्याच वाटेने परततो. आडवी आली तर तो गोल फिरू लागतो.

पुल आणि कट हे आडव्या बॅटचेच फटके आहेत आणि आखूड चेंडूला तेच लागतात. ते शिकवायचेच, फक्त सरळ बॅट बसल्यानंतर. ती बसली की नाही हे पाहायला फोन पंचाच्या जागी ठेवून चित्रण करावे. फटका संपताना बॅट चेंडू गेला त्या दिशेने जाते की लेगकडे वळते, एवढेच त्यात पाहावे.