गिअरचा दांडा आखूड करण्याआधी

चाकणला बनणाऱ्या स्कोडा स्लाव्हियासारख्या मॅन्युअल सेडानला बाहेरून शॉर्ट शिफ्टर (गिअरच्या दांड्याची चाल घटवणारा भाग) बसवायचा, तर आधी तरफेचा नियम ध्यानात घ्यावा. दांड्याची चाल तीस टक्के घटली, की त्याच कामाला हाताचा जोर सुमारे चाळीस टक्के जास्त लागतो. ऊस गाळपाच्या हंगामात नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळे बुद्रुकजवळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा असं सतत चालतं. तिथे हा जोर मनगटाला जाणवणारच.

‘पण गिअर झटपट पडतो ना,’ असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं. हाताचा प्रवास वाचतो, पण सिंक्रोनायझरच्या कड्याला वेग जुळवायला लागणारा वेळ उरतोच, आणि घाईने रेटलं तर ते कडं झिजतं. माझ्या मते बहुतेकांना खुपते ती लांब चाल नव्हे, ढिलाई. गाडी बंद ठेवून, गिअर टाकून दांडा हलवून पाहा. नव्या गाडीपेक्षा लुळा वाटला, तर केबलच्या टोकांचे बुश आधी बदला. तरीही शिफ्टर हवाच असेल, तर चाल थोडीच घटवणारा, मूळ जागी नटबोल्टने बसणारा आणि काहीही न कापता परत काढता येणारा घ्या. वॉरंटीचं आधी लेखी विचारून ठेवा.