तोडलेले सूर्यफूल ताजे कसे ठेवावे?

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सूर्यफूल परिचित आहे ते गळिताचे पीक म्हणून. या पिकाच्या एका झाडास बहुधा एकच फूल येते. ते तोडल्यास त्या झाडाचे सर्व बी गमवावे लागते. म्हणून विक्रीसाठी अगर सजावटीसाठी फुले हवी असल्यास बांधालगत निराळी ओळ पेरावी.

पाकळ्या नुकत्याच उलगडू लागल्या असता, ऊन चढण्यापूर्वी, धारदार विळ्याने फुले कापावीत व लगेच पाण्याच्या बादलीत उभी ठेवावीत. दांडा कोरडा राहिल्यास त्यातील सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते व पाणी वर चढत नाही. यास्तव फुलदाणीत ठेवताना दांड्याचे टोक पाण्यात बुडवून सुमारे एक इंच तिरपे कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजल्याने जंतू वाढून नळ्या बुजतात. सूर्यफुलास पाणी पुष्कळ लागते. ते रोज बदलावे, भांडे घासून घ्यावे व सावलीत ठेवावे. अशा रीतीने फुले सुमारे आठवडाभर टिकतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन भांड्यांत फुले ठेवावीत. एकातील पाणी रोज बदलावे, दुसऱ्यातील तसेच राहू द्यावे, आणि दोहोंतील फरक शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा.