निळी गोळी आणि लेकीचे ताट

सोलापूरहून गाडी निघाली, की होटगी जंक्शन लागते. इथे रूळ फुटतात. एक वाट वाडीकडे जाते, दुसरी विजापूरकडे. मालगाडीचे डबे आपण रोज बघतो. डबे पुरेसे असले, तर माल वेळेवर पोचतो. डबेच कमी पडले तर? माल पडून राहतो.

आपल्या अंगातही अशीच गाडी चालते. रक्तात तांबडे कण असतात. ते म्हणजे डबे. आपण श्वास घेतो, त्यातला प्राणवायू हे कण उचलतात आणि हातापायांना, डोक्याला नेऊन देतात. हे डबे बांधायला लोह लागते. लोह म्हणजे लोखंडच. पण अंगाला ते जेवणातून मिळते.

पोरगी दहा-बारा वर्षांची झाली, की भराभर उंच होते. पुढे पाळी सुरू होते, दर महिन्याला रक्त जाते. म्हणजे डबे जास्त हवेत, आणि त्याच वेळी गळतीही सुरू. अशात जेवण कमी पडले, तर पोर फिकट दिसते. घागर उचलली की तिला धाप लागते. वर्गात ती जांभया देते. आपण म्हणतो, "आळशी झालीया!" ती आळशी नसते, तिचे रक्त कमी असते. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर पाहणी केली. 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींत 59 जणींचे रक्त कमी निघाले.

म्हणून सरकारने 2013 साली एक कार्यक्रम सुरू केला. त्यात सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एक निळी गोळी देतात. ती लोहाची गोळी. जेवणानंतर घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर मळमळते. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. काही पोरी गोळी तोंडात धरतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. घरी कुणीतरी म्हटलेले असते, "कसली गोळी देतात कुणास ठाऊक!" आता तुम्हांला ठाऊक झाले.

जंताची गोळीही शाळेत मिळते. काही जंत अनवाणी पायांतून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. परसाकडे जाताना पायात चप्पल हवीच.

पण गोळीने सगळे भागत नाही. शाळेत दुपारचे जेवण आठवीपर्यंतच मिळते. लेक नववीत गेली, की सारा भार घरच्या ताटावर. आणि घरी काय होते? आधी बापे जेवतात, मग पोरगे. शेवटी मायलेकी. त्यांच्या वाट्याला पातेल्याच्या तळची आमटी, भाकरी आणि चटणी. आपल्या शेंगाचटणीला कोण नावे ठेवील! पण नुसत्या चटणीभाकरीवर रक्त भरत नाही.

यावर महाग औषध नको. ज्वारीच्या भाकरीबरोबर मटकी किंवा हुलगे मोड आणून करा. मोड आले, की त्यांतले लोह अंगी जास्त लागते. हरभऱ्याचा पाला, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतले काहीतरी रोज असावे. वर लिंबू पिळा. आंबट लिंबू, आवळा किंवा पेरू बरोबर असला, की भाजीतले लोह रक्तात लवकर उतरते. आमटी लोखंडी कढईत केली, तर कढईचे थोडे लोहही आमटीत येते. ज्यांच्या घरी चालते, त्यांनी अंडी, कलेजी द्यावी. आणि जेवणाला लागून चहा नको. चहा लोहाला अडवतो. तासभर थांबा.

लेकीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून बघा. आत लाली नसली, तर आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. लाली दिसली, पण पोर दमत असली, तरी न्या. आकडा 12 च्या खाली आला, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या द्या. महिनाभरात पोर हसूखेळू लागते, म्हणून मध्येच बंद करू नका.