वाढायची राहून गेलेली पेशी

घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवतं ते एचसीजी हे संप्रेरक. वृषणात गाठ घेऊन आलेल्या पंचविशीतल्या तरुणालाही डॉक्टर तेच मोजायला सांगतात, रक्तातून. सोबत एलडीएच हे विकर आणि एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. हे प्रथिन गर्भाच्या पीतककोशात आणि यकृतात तयार होतं. मूल वर्षाचं होईपर्यंत त्याच्या रक्तात ते नावापुरतंच उरतं. नाशिकच्या मोठ्या लॅबना या तपासण्या नव्या नाहीत. पण धट्ट्याकट्ट्या पुरुषाच्या रक्तात गर्भातली प्रथिनं शोधायची कशाला? उत्तर त्याच्या स्वतःच्या गर्भावस्थेत आहे.

गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना पीतककोशाच्या भिंतीपाशी मोजक्या पेशी वेगळ्या दिसू लागतात. पुढे ज्यांच्यातून शुक्राणू किंवा अंडपेशी व्हायच्या, त्या या आद्य जननपेशी. तिथून त्या सरकत निघतात आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास भावी जननग्रंथीत पोहोचतात. या वाटेवर त्यांच्या केंद्रकात ऑक्ट-४ हे प्रथिन कामावर असतं. कोणतंही रूप घेण्याची पेशीची क्षमता ते टिकवून धरतं. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशींच्या मूलपेशी करून दाखवल्या, तेव्हा वापरलेल्या चार घटकांपैकी हा एक. मुलाच्या वृषणात स्थिरावल्यावर या पेशी ऑक्ट-४ बंद करतात आणि शुक्राणूंच्या वाटेला लागतात.

एखादी पेशी मात्र वाढायची राहून जाते. ऑक्ट-४, प्लॅप, सी-किट ही गर्भातली प्रथिनं अंगावर तशीच घेऊन ती शुक्रनलिकेच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटून बसते. पौगंडावस्थेत संप्रेरकं वाढली की तिचं विभाजन जोर धरतं. डेन्मार्कचे नील्स स्काकेबेक यांनी १९७२ साली वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांच्या वृषणात अशा पेशी पाहिल्या आणि हीच कर्करोगाची पहिली पायरी असावी असं मांडलं. पुढे ते खरं ठरलं: उपचार केले नाहीत तर अशा निम्म्या पुरुषांत पाच वर्षांत गाठ होते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण रोगाचं बीज जन्माआधीच पडलेलं असू शकतं हे त्यातून कळलं.

नाशिकचे रुग्ण पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून ज्या परळला जातात, तिथे टाटा रुग्णालयाखेरीज प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. तिथल्या दीपा भारतीया आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रौढ माणसाच्या वृषणात ऑक्ट-४ असलेल्या अतिसूक्ष्म मूलपेशी सापडल्याचं प्रसिद्ध केलं. अशा पेशी खरोखर असतात का, यावर जगभर वाद आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला उंदरांत त्या मिळाल्या नाहीत. हा वाद पुस्तकी नाही. निरोगी प्रौढ वृषणात केंद्रकातलं ऑक्ट-४ नसतं, या गृहीतकावर पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवरच्या रंगलेल्या केंद्रकांकडे बोट दाखवून कर्करोगाचं निदान करतो.

रक्तातल्या खुणांचं काम वेगळं. एचसीजीचं प्रमाण दीड दिवसाच्या आत निम्मं होतं, एएफपीला पाच ते सात दिवस लागतात. शस्त्रक्रियेनंतर आकडे त्या गतीने उतरले नाहीत, तर रोग कुठेतरी उरला आहे असं समजतात. सेमिनोमा हा या गाठींचा एक प्रकार; निव्वळ सेमिनोमा एएफपी बनवत नाही. म्हणून सेमिनोमाच्या रुग्णात ते वाढलेलं दिसलं तर उपचारांची दिशाच बदलते. मात्र सगळे आकडे सामान्य असूनही गाठ कर्करोगाची असू शकते. रिपोर्ट चांगला आला म्हणून सोनोग्राफी टाळणं धोक्याचं आहे.

भारतात हा कर्करोग लाखात एकाहूनही कमी पुरुषांना होतो, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये त्याच्या दसपटीहून जास्त. पण वृषण खाली उतरलेलं नसेल तर धोका वाढतो, आणि आपल्याकडे ‘गोळी वरच राहिलीय, मोठा झाला की उतरेल’ असं म्हणत घरातली माणसं वर्षं घालवतात, ते मला सर्वात जास्त खटकतं. स्वीडनमध्ये न उतरलेल्या वृषणाची शस्त्रक्रिया झालेल्या १६,९८३ जणांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट होता, त्यानंतर झालेल्यांचा पाचपटीहून अधिक. आता ही शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करावी असं सांगतात. बाळाला आंघोळ घालताना आईला किंवा आजीला दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना ते लगेच सांगावं.

तरुण मुलगा तर लाजेपोटी कुणालाच बोलत नाही. गाठ दुखत नाही, त्यामुळे महिने जातात. खरं तर हा सर्वाधिक बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक. १९७४ साली अमेरिकेतल्या इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून पसरलेला रोगही बहुतेकांचा बरा होऊ लागला. क्रिकेटपटू युवराज सिंगच्या छातीतली गाठ जननपेशींचीच होती. २०१२ मध्ये तो आइनहॉर्न यांच्याकडेच उपचार घेऊन परतला. संशय आला तर वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात, गाठीत सुई घालून तुकडा घेत नाहीत. आणि मूल हवं असेल तर उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवता येतं.