आधी दोष, मग साठा

‘लीन’ उत्पादन म्हणजे गोदाम रिकामे करणे, हा कारखानदारीतला सर्वांत चिवट गैरसमज. ज्या टोयोटाकडून जगाने ही पद्धत उचलली, तिनेच जपानमधल्या 2011च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा बाळगायला सांगितले. 2021च्या सुरुवातीलाच चिपटंचाईने अनेक मोटार कंपन्यांच्या लाइन थांबल्या. टोयोटाला उत्पादनात मोठी कपात करावी लागली ती सप्टेंबरमध्ये. जो भाग मिळायला महिनोन्महिने लागतात, त्याचा साठा लीनमध्ये बसतो.

दुसरा समज असा की, लीन व्यवस्था आखण्याचे आराखडे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. एक निवडला की बाकीचे सोडून द्यावेत. प्रत्यक्षात प्रत्येकाचा प्रश्नच वेगळा. टोयोटाचे ‘घर’ कशाला कशाचा आधार आहे ते सांगते. त्याचा एक खांब जस्ट-इन-टाइमचा: हवे ते, हवे तेव्हा, हवे तेवढेच. दुसरा जिदोकाचा: दोष दिसताच काम थांबवायचे. या खांबाचे मूळ साकिची टोयोडा यांच्या 1924च्या मागात सापडते. धागा तुटला की तो आपोआप थांबे. जेम्स वोमॅक आणि डॅनियल जोन्स यांची 1996ची पाच तत्त्वे ग्राहकाला काय मोलाचे वाटते, इथून सुरू होतात. माइक रॉदर आणि जॉन शूक यांनी रुळवलेला मूल्यप्रवाहाचा नकाशा माल कुठे किती दिवस पडून आहे ते दाखवतो.

पण आधी हात कशाला घालायचा? याचे सर्वांत काटेकोर उत्तर एमआयटीत डेव्हिड कोक्रन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या आराखड्यात मिळते. तो कमी चर्चिला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. त्यात प्रत्येक उद्दिष्टासमोर साधन लिहायचे आणि ते साधन इतर उद्दिष्टांना कुठे बाधते ते तपासायचे. उद्दिष्टांच्या शाखांचा क्रमही ठरलेला: गुणवत्ता, अडचणी ओळखून सोडवणे, खात्रीचे उत्पादन, आणि मग विलंब कमी करणे. रिजेक्शन आणि ब्रेकडाउन तसेच ठेवून साठा काढून घेतला, तर लाइन रोजच अडते.

हवा तेवढाच माल मागवणारी कानबानची कार्डे टांगली की लीन आले, हेही खरे नाही. डाय बदलायला चार तास लागत असतील तर छोटे लॉट परवडतच नाहीत. टोयोटात हजार टनी प्रेसला तेवढाच वेळ लागत असे. शिगेओ शिंगो यांनी 1969च्या सुमारास तो दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. प्रेस चालू असतानाच करता येईल ती सगळी तयारी त्यांनी आधी उरकून घेतली.

राहिला ‘लीन म्हणजे कामगारकपात’ हा समज. 1950च्या आर्थिक संकटात टोयोटाने कपात केली, संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्यानंतर कंपनीने कायम कामगारांच्या नोकरीच्या हमीवर आपली पद्धत उभी केली. कोक्रन यांच्या आराखड्यातही मजुरीच्या खर्चाची शाखा विलंबाच्याही नंतर येते.