तीन तुकडे हरवले तरी चालतं

चौकटीच्या कागदावर एक छोटा आलेख काढून बघा. आडव्या अक्षावरच्या १ च्या वर ३ उंचीचा बिंदू द्या, २ च्या वर ५ उंचीचा. दोन्ही बिंदूंतून पट्टीनं सरळ रेषा ओढा आणि पुढे वाढवा. ३ च्या वर ती ७ ला पोचते, ४ च्या वर ९ ला. आपल्याला जपायचे होते फक्त ३ आणि ५. पण ३, ५, ७, ९ हे चारही आकडे आपण चार वेगवेगळ्या मशीनवर ठेवले. आता समजा पहिली दोन मशीन जळाली, म्हणजे नेमके मूळ आकडेच गेले. उरले ७ आणि ९. त्या दोन बिंदूंतूनही तीच रेषा जाते. ती मागे ओढत न्या, ५ आणि ३ पुन्हा हजर! चारांपैकी कुठलेही दोन गेले तरी काही बिघडत नाही.

आपल्या वेबसाइटचा बॅकअप क्लाउडवर कसा टिकतो, याचं मर्म या रेषेत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० साली जेमतेम पाच पानांचा निबंध लिहिला आणि त्यात ही कल्पना मांडली. सरळ रेषेच्या जागी त्यांनी बहुपदीचा वक्र घेतला, आणि बेरीज-गुणाकाराचे नियम असे निवडले की आकडे कधी हाताबाहेर वाढतच नाहीत. त्या वेळी ते गणित झटपट सोडवू शकेल असं यंत्र नव्हतं. पुढे याच गणितानं व्हॉयेजर-२ यानाची युरेनस आणि नेपच्यूनची छायाचित्रं पृथ्वीपर्यंत सुखरूप आणली. ओरखडे पडलेली सीडी त्याच्यामुळे वाजते. दुकानातल्या क्यूआर कोडचा कोपरा फाटला तरी पैसे पोचतात, तेही त्याच्यामुळेच.

क्लाउडवर हे कसं चालतं, ते बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीनं उघड सांगून ठेवलं आहे. त्यांच्या मूळ रचनेत तुमच्या फाइलचे १७ तुकडे होतात, त्यांवरून गणितानं आणखी ३ तयार होतात आणि हे २० तुकडे २० वेगळ्या मशीनवर जातात. त्यांतले कुठलेही ३ नाहीसे झाले तरी फाइल जशीच्या तशी परत उभी राहते. जागा किती जास्त लागली? पूर्ण दुसरी प्रत ठेवायची तर दुप्पट लागली असती, इथे पाचवा हिस्साही जास्त लागत नाही. ॲमेझॉननं मार्च २००६ मध्ये सुरू केलेल्या एसथ्री या साठवण सेवेचं टिकाऊपणाचं उद्दिष्ट ९९.९९९९९९९९९ टक्के आहे, म्हणजे एकूण अकरा नऊ. कंपनी हे असं समजावते: १ कोटी फाइली ठेवल्यात, तर सरासरी १०,००० वर्षांतून एक हरवेल.

दुसरं नवल जागेच्या हिशेबात आहे. वेबसाइट १० जीबीची आणि बॅकअप रोजचा, मग वर्षाला ३,६५० जीबी भरायला हवेत. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही जात नाहीत. रेस्टिक किंवा बोर्गसारखी साधनं फाइलींचे तुकडे करतात आणि तुकड्यातल्या मजकुरावरूनच त्याला एक लांबलचक ओळख-क्रमांक देतात. एक स्वल्पविराम बदलला तरी तो क्रमांक पार बदलतो. आज रात्री आलेल्या तुकड्याचा क्रमांक कालच्या यादीत असेल, तर तो पुन्हा चढवायचाच नाही. दिवसभरात दोन लेख आणि चार फोटो नवे आले असतील, तर रात्री वर जातं तेवढंच. तरीही गेल्या महिन्यातल्या कुठल्याही तारखेची अख्खी वेबसाइट मागता येते.

तिसरं नवल मात्र वेबसाइटवाल्यांनी नीट समजूनच घ्यायला हवं. वेबसाइट म्हणजे नुसत्या फाइली नव्हेत. वर्डप्रेसचंच बघा. फोटो, थीम, प्लगइन हे सगळं फाइलींत असतं. पण लेख, प्रतिक्रिया, ग्राहक, ऑर्डरी असतात डेटाबेसमध्ये. आणि डेटाबेस कधी स्थिर नसतो. रात्री दोन वाजता बॅकअप सुरू झाला, ऑर्डरींचा तक्ता उतरवून झाला आणि तेवढ्यात कुणी तरी पुस्तक विकत घेतलं. पैसे मिळाल्याची नोंद पुढच्या तक्त्यात पडली. आता प्रतीमध्ये पैसे आहेत, ऑर्डर नाही! हे टाळायला मायएसक्यूएल हे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर एक सुंदर युक्ती करतं. ओळ बदलली तरी तिची जुनी आवृत्ती ते काही काळ बाजूला ठेवतं आणि बॅकअप घेणाऱ्याला सगळे तक्ते ठीक दोन वाजता जसे होते तसेच दाखवतं. दुकान चालूच राहतं आणि प्रत मात्र एकाच क्षणाची मिळते. पण हे आपोआप घडतंच असं नाही. मायएसक्यूएलडंप या नेहमीच्या साधनाला तसं वेगळं सांगावं लागतं. म्हणून सेवा निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: डेटाबेस घेता का, आणि चालू साइटवर एकाच क्षणाचा घेता का?

इतकं सगळं असूनही वेबसाइटी बुडतात, त्या का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसायची आज्ञा दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप क्लाउडवर जायचा ती जागा तर रिकामीच निघाली. डेटाबेस एका आवृत्तीचा आणि बॅकअपचं साधन दुसऱ्या आवृत्तीचं, त्यामुळे तो रोज फसत होता. फसल्याचे ईमेलही निघत होते, पण पलीकडे नाकारले जात होते. सहा तास आधी त्याच अभियंत्यानं दुसऱ्याच कामासाठी हातानं एक प्रत काढून ठेवली होती, तिनं वाचवलं. कंपनीनं पुढचं सगळं दुरुस्तीकाम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि चूक सविस्तर लिहून जाहीर केली.

१० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली आणि लाखो वेबसाइटी बंद पडल्या. काही ग्राहकांकडे बॅकअप होते, पण तेही त्याच आवारात! त्याआधी, २०१४ च्या जूनमध्ये, कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात एक खंडणीखोर शिरला. मूळ डेटा आणि बॅकअप एकाच खात्यात होते. त्यानं दोन्हींतलं बहुतेक सगळं पुसलं आणि कंपनी कायमची बंद झाली.

तिन्ही ठिकाणी रीड-सॉलोमनचं गणित चुकलं नव्हतं. तुम्ही दिलेले बाइट ते जपतं, पण दिलेलं रिकामं होतं का, हे त्याला कळत नाही. मालकाच्या पासवर्डनं आलेली पुसायची आज्ञाही ते निमूट पाळतं. त्यामुळे ‘आमच्याकडे किती नऊ आहेत’ या जाहिरातीवर सेवा निवडू नका. नऊ सगळ्यांकडेच पुरेसे असतात.

बघायचं ते हे. होस्टिंग ज्या कंपनीचं, बॅकअप तिच्याकडेच असला तर तो जादाचा समजा. मुख्य प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात हवी. ॲमेझॉनची डेटा सेंटरं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत, तेव्हा डेटा देशाबाहेर न नेताही दोन शहरं साधतात. बॅकअपचं खातं, पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी वेगळी ठेवा. ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाही, अगदी मालकालाही, प्रत पुसता येऊ नये असं कुलूप बऱ्याच सेवा देतात. ते लावा. साइटमध्ये घुसवलेला घातक कोड कित्येकदा आठवडेच्या आठवडे गुपचूप बसून असतो. सातच दिवसांच्या प्रती ठेवल्यात तर सातही प्रतींत तो सापडेल. निदान तीन महिने मागे जाता यायला हवं. सिंक करणाऱ्या ड्राइव्हला बॅकअप समजू नका, कारण इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. प्रत कुलूपबंद करणारी किल्ली फक्त तुमच्याकडे राहते अशी सेवा घेतलीत, तर ती किल्ली कागदावर लिहून घरात जपा. ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही.

आणि दरपत्रक वाचताना ठेवण्याच्या दराइतकाच परत काढण्याचा दर बघा. काही ठिकाणी ठेवणं स्वस्त आणि काढणं महाग असतं. वेळेचाही हिशेब करा. १०० जीबी डेटा १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायला, वेग शेवटपर्यंत पूर्ण मिळाला तरी, सव्वादोन तास लागतात. डेटाबेस भरायचा वेळ त्यानंतरचा. ऐन दिवाळीत ऑनलाइन दुकान इतका वेळ बंद ठेवणं परवडेल का, हे आधीच ठरवा.

शेवटचं काम सेवा घेतल्यानंतरचं, आणि बहुतेक जण तेच करत नाहीत. एक रिकामं सबडोमेन तयार करा, बॅकअपमधून अख्खी साइट तिथे उभी करा, चार पानं उघडून बघा, लॉगिन करून बघा, कालची ऑर्डर दिसते का ते बघा. दर तीन महिन्यांनी हे करायची तारीख कॅलेंडरात घाला. परत उभा करून पाहिलेला नाही, तो बॅकअप धरू नका. पहिली चाचणी याच आठवड्यात घ्या.