गळ्याखालची पोळी

ग्रीष्मात पारा ४५ अंशांवर चढण्याचा जेथे शिरस्ताच आहे, त्या ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात सावली धरून रवंथ करणाऱ्या गाईकडे पाहिले, म्हणजे गळ्यापासून छातीपर्यंत लोंबणारी तिची पोळी प्रथम नजरेत भरते. प्राचीन नैयायिकांनी गाईचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून जिचा दाखला दिला ती सास्ना हीच. परंतु लक्षण ठरविणे निराळे आणि प्रयोजन ठरविणे निराळे.

त्वचेचे पृष्ठफळ वाढवून उष्णता बाहेर टाकण्यासाठी ही घडी आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. अनुमान तर्कशुद्ध खरे. तथापि गेल्या शतकाच्या मध्यास वशिंडाच्या बैलांची पोळी शस्त्रक्रियेने काढून पाहिली असता त्यांच्या उष्मा सोसण्याच्या शक्तीत फारसा फरक पडला नाही. शिवाय पंजाबच्या साहिवालची पोळी भरघोस, तर माणदेशच्या रखरखीत मुलखात नांदणाऱ्या खिलारची आखूड व आवळ, हा भेदही त्या अनुमानास अनुकूल नाही. या गोवंशाच्या काटकपणाचे श्रेय विपुल घर्मग्रंथी, आखूड तुळतुळीत केस व मंद चयापचय यांनाच अधिक द्यावे लागते.

मनुष्याच्या गळ्याखाली उतारवयात पडणारी घडी तर कोणत्याच प्रयोजनासाठी नसते. त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन हे तंतू क्षीण झाल्याचा आणि मानेचा पातळ स्नायू शिथिल झाल्याचा तो केवळ परिणाम होय.

याउलट सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर राहणारा, २०१६ साली ‘सरडा सुपर्बा’ असे शास्त्रीय नाव मिळालेला प्राणी पाहावा. विणीच्या हंगामात याचा नर कंठास्थीच्या आधाराने गळ्याखालची निळी, काळी व नारिंगी त्वचा पंख्यासारखी उघडतो आणि मादीस आमंत्रण व प्रतिस्पर्ध्यास इशारा देतो. येथे प्रयोजन निःसंशय आहे, आणि ते ठाऊक असल्यामुळेच २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अर्थ लागतो: पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटले, सरडे बेसुमार वाढले, अन्नासाठी चुरस लागली आणि नरांचे रंग फिके पडले.

आकाराच्या साम्यावरून कारणाचे साम्य गृहीत धरू नये, प्रत्येक प्राण्याची कैफियत स्वतंत्रपणे ऐकून तिची प्रयोगाने शहानिशा करावी; कारण घडीचे काम नेमके कळले, तरच तिच्यावरून त्या प्राण्याच्या आणि त्याच्या भूमीच्या प्रकृतीचे निदान करता येते.